कर्करोगनिधीची पदयात्रा व आमची देवस्थाने

गेल्या चातुर्मासात बऱ्हाणपुरात एक लहानशी गोष्ट घडली. लहानशी म्हणण्याचे कारण एवढेच की, तिची वर्तमानपत्रात बातमी आली नाही व तिच्यावरून कोणी सभाही भरविली नाही. काही तरुण मंडळी (त्यांत यंत्रमागावर काम करणारे दोघे, एक शाळाशिक्षिका व औषधाच्या दुकानात बसणारा एक मुलगा) आमच्या देवस्थानाच्या विश्वस्तांकडे आली. कर्करोगसंशोधनासाठी निधी जमविण्याकरिता एका रविवारी पहाटे पदयात्रा काढावी, तिचा आरंभ काकडआरती आटोपल्यावर देवळाच्या पटांगणातून व्हावा, शनवारा दरवाजावरून ती राजघाटावर जावी व तेथे तापीमाईचे दर्शन घेऊन विसर्जित व्हावी, इतकीच त्यांची योजना होती. प्रत्येक चालणाराने आपल्या ओळखीच्या दहा घरी जाऊन यथाशक्ति देणगी मागावयाची, आणि जमलेली रक्कम मुंबईस परळच्या टाटा स्मारक केंद्राकडे पाठवावयाची. विश्वस्तांनी दोन बैठका घेतल्या आणि पटांगण नाकारले.

नकाराची कारणे आमच्या कानांवर आली, ती अशी. पटांगण धर्मकृत्यांसाठी आहे. ही चालण्या-धावण्याची रीत परकी आहे. द्यावयाचेच तर पैसे सरळ द्यावेत, त्यासाठी रस्त्यावर यावयाचे प्रयोजन काय? आणि रोगी दारात उभा असता ‘संशोधन’ नावाच्या न दिसणाऱ्या वस्तूसाठी देवळाने झोळी का फिरवावी? विश्वस्तांपैकी बहुतेक आमच्या नित्य परिचयाचे आहेत, आणि त्यांची निष्ठा आम्ही जाणतो. तथापि या प्रकरणी त्यांचे चुकले असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते मत सभामंडपाच्या पायऱ्यांवर कुजबुजण्यापेक्षा येथे उघड मांडणे बरे.

परकेपणाच्या आक्षेपाचा प्रथम निकाल लावू. तो सर्वांत दुबळा आहे, पण सर्वांत मोठ्या आवाजात तोच मांडला जातो. चालणे हे परकी कृत्य आहे असे कोणी बऱ्हाणपुरात म्हणावे, याचे आम्हांस नवल वाटते. शेजारच्या मुक्ताईनगरहून ज्येष्ठात संत मुक्ताबाईंची पालखी निघते आणि सुमारे महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरास पोहोचते. आमच्यातले काही तिच्याबरोबर दरसाल जातात. नवरात्रात इच्छापूरच्या इच्छादेवीला अनवाणी जाणारी माणसे ज्याने पाहिली नाहीत तो बऱ्हाणपूरकर नव्हे. त्यांतल्या अर्ध्याजणांना विचारा : कोणाचे मूल आजारी होते, कोणाच्या नवऱ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. आजाऱ्यासाठी चालणे आम्हांस कोणी शिकविले नाही. आम्ही ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो.

ज्या माणसाच्या नावाने ही रीत जगभर पसरली, त्याची हकीकत मात्र आमच्या वाचकांस ठाऊक असावी. टेरी फॉक्स हा कॅनडातला अठरा वर्षांचा मुलगा. १९७७ साली हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने आजूबाजूची मुले पाहिली, आणि तेथून बाहेर पडल्यावर त्याने एक पण केला. १२ एप्रिल १९८० रोजी तो अटलांटिक महासागराच्या काठावरून फायबरग्लास-पोलादाच्या कृत्रिम पायाने देश ओलांडावयास निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे एक पुरी मॅरेथॉन. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर कापले. १ सप्टेंबरला थंडर बे या गावाजवळ छातीतल्या कळांनी त्याला थांबविले. रोग फुप्फुसात पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी, तेविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, तो वारला. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळावा, ही त्याची इच्छा त्याच्या हयातीतच पुरी झाली होती. आजवर त्याच्या नावे संशोधनासाठी ८० कोटी डॉलरांहून अधिक निधी जमला आहे. त्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या दौडीत बक्षीस नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो आणि कोणा व्यापाऱ्याची जाहिरात चालत नाही. अशी दौड मुंबईतही झालेली आहे.

याला खेळ म्हणावे की नवस? आम्हांस तर हा नवसच दिसतो, पण एका बाबतीत आमच्या नवसांहून निराळा. आम्ही मागणे पुरे झाल्यावर चालतो. त्याने काही मिळण्यापूर्वीच चालून घेतले. आणि आम्ही आपल्या माणसासाठी चालतो. तो ज्यांच्यासाठी धावला त्यांतले बहुतेक तेव्हा जन्मलेही नव्हते. निष्काम कर्मावर प्रवचने ऐकणाऱ्या मंडळींनी या मुलाला परका म्हणावे, हे बरे दिसत नाही.

या रीतीत पुढे घाण शिरली नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत सुझन कोमेन या स्त्रीच्या स्मरणार्थ तिच्या बहिणीने १९८३ साली डॅलस येथे स्तनकर्करोगासाठी पहिली दौड भरविली. हेतू निर्मळ होता. २०१० साली त्याच संस्थेने तळलेली कोंबडी विकणाऱ्या एका बड्या कंपनीशी संगनमत केले आणि गुलाबी बादल्यांतून कोंबडी खाल्ल्याने रोगनिवारणास हातभार लागतो, असा देखावा देशभर मांडला गेला. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही असल्या प्रसंगी काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. छातीवर पाच कंपन्यांची नावे छापलेला बनियन, पाण्याच्या बाटल्यांचा खच, पुढाऱ्यांना शाल-श्रीफळ, आणि शेवटी ‘जनजागृती’ या एका शब्दाखाली सर्व खर्च गडप. निधी किती जमला हे फलकावर येते. संशोधकाच्या हाती किती पडला हे कुठेच येत नाही. विश्वस्तांनी या कारणासाठी पटांगण नाकारले असते, तर आम्ही त्यांच्या बाजूला उभे राहिलो असतो. परंतु हिशेबाचा प्रश्न दोन बैठकांत एकानेही विचारला नाही, असे आम्हांस समजते.

‘पैसे सरळ द्यावेत’ हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. दहा रुपये द्यावयाचे तर पाय कशाला झिजवावेत? याचे उत्तर आमच्या घराघरांतल्या बोलण्यात आहे. कर्करोग हा शब्द आमच्याकडे उच्चारला जात नाही. ‘तसला आजार’, ‘मोठं दुखणं’, ‘गाठ निघाली म्हणे’, आणि तेही आवाज उतरवून. आमच्याच आळीतल्या एका काकूंनी छातीतली गाठ दीड वर्ष लपविली. मुलीचे लग्न ठरावयाचे होते, आणि आईला असले दुखणे आहे हे व्याह्यांच्या कानी गेले तर स्थळ मोडेल, ही भीती. लग्न थाटात झाले. चौथ्या महिन्यात काकूंना परळला नेले, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘इतके दिवस कुठे होता?’ हा. काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोलावयास राहिल्या नाहीत.

बंद पाकिटातून दिलेली देणगी हे मौन फोडू शकत नाही. पहाटे, देवळाच्या दारातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत दोनशे माणसे त्या रोगाचे नाव घेऊन चालली, त्यांत आपल्या सासूबाई आणि आपले कीर्तनकार बुवाही असले, तर तो शब्द घरात बोलण्याजोगा होतो. देणगीची पावती दहा घरी जाऊन फाडावयाची म्हणजे दहा ओट्यांवर बसून त्या विषयावर बोलावयाचे. त्या दहांतली एखादी बाई दार लोटून घेऊन हळूच काही विचारील. हे काम पैशाने होत नाही. पायांनीच होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू : रोगी की संशोधन?

रोग्याची सेवा आमच्या समाजाने कमी केली असे कोणी म्हणू शकणार नाही. दादरला गाडगेमहाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाचे गरीब रुग्ण व त्यांचे नातलग राहतात. बऱ्हाणपूरहून सुमारे पाचशे किलोमीटर रेल्वेचा प्रवास करून दादरला उतरलेल्या अनेक कुटुंबांना अशाच ठिकाणी पाठ टेकावयास मिळाली आहे. परळच्या पदपथावर अन्नाची पाकिटे वाटणारे हात आमच्यासारख्यांचेच. त्या अन्नदानाविरुद्ध एक शब्दही आम्हांस लिहावयाचा नाही. परंतु त्या पदपथावरची रांग दरसाल का वाढते, तीत आमच्या निमाड-खानदेशाची तोंडाची दुखणी इतकी का, आणि रांगेतला कोण वाचेल व कोण नाही हे कशाने ठरते, हे प्रश्न अन्नाच्या पाकिटाने सुटत नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १४ लाख नवे रुग्ण व ९ लाखांवर मृत्यू होतात. इतक्यांना पुरेल एवढे अन्नछत्र कोणते देवस्थान चालविणार आहे?

संशोधन म्हणजे परदेशातली चकचकीत यंत्रे, असा एक समज आहे. १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी जे सुरू केले त्यात मुख्य साधन होते ते स्वयंपाकघरातले व्हिनेगर. गर्भाशयाच्या मुखावर ते लावले की संशयित भाग पांढरा दिसतो. ते पाहण्याचे काम दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या बायकांनी केले. सुमारे दीड लाख स्त्रियांचा पाठपुरावा झाला आणि २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला : त्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास तुळजाभवानीच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत व आताच्या धाराशिवात, खेड्यापाड्यांतल्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांवर दुसरा अभ्यास चालला. त्याचे फलित २००९ साली प्रसिद्ध झाले : रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची आयुष्यात एकच तपासणी केली, तरी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात.

या दोन्ही अभ्यासांचा पैसा कोणी दिला? पहिल्याचा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने, दुसऱ्याचा बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने. देह आमच्या आया-बहिणींचे, खेडी आमची, शिकलेल्या आरोग्यसेविका आमच्या, आणि थैली सातासमुद्रापलीकडची. ज्या गटातल्या स्त्रियांची तुलनेसाठी तपासणी केली नाही, त्यांतल्या मृत्यूंवरून पुढे या अभ्यासांवर कडक टीका झाली. ती आम्हांस अस्थानी वाटत नाही. पण त्या टीकेत सूर मिसळण्यापूर्वी, आम्ही त्या कामाला एक रुपया तरी दिला होता का, हे स्वतःस विचारले पाहिजे. ज्याने दमडी दिली नाही, त्याला काय विचारावे व कसे विचारावे हे ठरविताना कोण बोलावणार?

उलट उदाहरणही आहे, आणि ते आमच्या जिव्हाळ्याचे आहे. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असता मानेतल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात, की पुढे रोग दिसेल तेव्हा, याविषयी शल्यचिकित्सकांत वर्षानुवर्षे वाद होता. श्रीमंत देशांत तोंडाचा कर्करोग आमच्याइतका नाही. त्यांना हा प्रश्न सोडविण्याची घाई नव्हती. तो टाटा स्मारक केंद्राने स्वतःच्या पैशाने सोडविला. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्ण जमवून २०१५ साली उत्तर दिले : आधीच गाठी काढल्या तर तीन वर्षांनी शंभरांतले ८० जिवंत, वाट पाहिली तर साडेसदुसष्ट. म्हणजे शंभरांमागे बारा माणसांहून अधिक. त्या बारांत रावेरचा एखादा केळीवाला असेल, आमच्या राजपुऱ्यातला विणकर असेल. त्यांना आपण कशाने वाचलो हे कळणारही नाही.

न दिसणाऱ्या दानाची भाषा बऱ्हाणपूरकरांस तरी अवघड वाटू नये. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाने या शहराला पाणी देण्यासाठी प्रथम पाणपोया घातल्या नाहीत. त्याने तब्कुतुल अर्ज नावाच्या जाणत्याला बोलावून सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून पाझरणाऱ्या पाण्याचा शोध घेण्यास लावले. कोणास काही दिसत नव्हते. एक माणूस जमीन तपासत होता आणि खजिन्यातून पैसा जात होता. मग शंभरावर कुंड्या खोदल्या गेल्या, त्या भुयाराने जोडल्या गेल्या, आणि कुठलेही यंत्र न लावता, केवळ उताराने, पाणी शहरात आले. कुंडी भंडाऱ्याचे ते पाणी आजही वाहते, चारशे वर्षांनी. बाहेरून पाहुणे आले की आम्ही त्यांना पाळण्यातून खाली उतरवून अभिमानाने दाखवितो. त्या वेळच्या एखाद्या विश्वस्ताने ‘तहानलेला दारात उभा असता जमीन कसली तपासता?’ असे म्हणून खर्च अडविला असता तर पाहुण्यांना आम्ही काय दाखविले असते?

या मासिकाचे वाचक गोव्यात व कोकणातही आहेत. पुढचे थोडे त्यांच्यासाठी, आणि ते त्यांस रुचणार नाही. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव आपण सर्वजण अभिमानाने घेतो. त्यांच्याच हाताखाली डॉ. कमल रणदिवे यांनी त्या केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. चघळण्याच्या सवयींकडे त्यांचे बोट तेव्हापासून आहे. पुढे साठ वर्षांनी, २००४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, तंबाखू न घातलेली नुसती सुपारीदेखील माणसाला कर्करोग करते. कुळागरातली सुपारी! गणपती म्हणून पाटावर मांडतो ती! पूजेत मांडण्यास आमची हरकत असण्याचे कारण नाही; देवाने ती कधी चघळलेली नाही. पण उत्सवात भाविकांना वाटला जाणारा विडा, पंगतीनंतर फिरणारे सुपारीचे तबक, ‘सुपारीने काही होत नाही, तंबाखू वाईट’ हे लहान मुलांदेखत होणारे बोलणे, यांचा विचार देवस्थानांनी नाही तर कोणी करावा?

आणि येथे आमच्या विश्वस्तांच्या नकाराचे न सांगितलेले कारण सांगणे भाग आहे. मध्य प्रदेश हे गुटख्यावर बंदी घालणारे देशातले पहिले राज्य. १ एप्रिल २०१२ रोजी बंदी आली. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानेही घातली. त्यानंतर काय झाले, ते कोणत्याही पानाच्या टपरीवर दिसते. एक पुडी पानमसाल्याची, दुसरी तंबाखूची; घेणाराने तळहातावर मिसळावयाची. बंदी कागदावर, गुटखा तोंडात. या धंद्यात ज्यांनी पैसा मिळविला, त्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या देवळांच्या पायऱ्यांवर आहेत. आमच्याही देवळात एक आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय सभामंडपात जाता येत नाही. तरुणांच्या विनंतिपत्रात एक ओळ होती : ‘तंबाखू, पानमसाला वा मद्य यांच्या व्यापाऱ्यांकडून देणगी स्वीकारली जाणार नाही.’ आम्हांस असे कळते की, बैठकीत सर्वांत अधिक वेळ याच ओळीवर गेला. ओळ काढा, मग पटांगणाचे पाहू, असा निरोपही गेला होता. मुलांनी ओळ काढली नाही.

मग पटांगण धर्मकृत्यांसाठी आहे, या वाक्याला काय अर्थ उरला? धर्मकृत्यात दात्याच्या पैशाची शुद्धी पाहतात. ती पाहण्याचे काम देवळाने सोडले, आणि यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या दोन पोरांनी ते केले.

त्या मुलांनाही आमचे काही सांगणे आहे. गणवेशाचे बनियन छापू नका. ज्याच्या अंगात जे असेल ते घालून चालू द्या. कोणा मान्यवराच्या हस्ते झेंडी दाखवू नका. एखाद्या बऱ्या झालेल्या बाईने, तिची इच्छा असल्यास, पुढे चालावे, एवढा मान पुरे. पावतीपुस्तकाला क्रमांक असू द्या. आणि पैसे ज्या कामासाठी मागाल त्या कामाचे नाव पावतीवर छापा, नुसते ‘कर्करोग’ नको. रक्कम पाठविल्यावर तिची पोच, खर्चासकट, पैन्‌पैचा हिशेब करून शनवाऱ्यावर लावा. देवळाच्या फलकावर लावावयास मिळाले तर उत्तमच. एका वर्षी निधी कमी जमला तरी हरकत नाही. हिशेब एका वर्षी चुकला तर पुढे दहा वर्षे तुम्हांला कोणी दार उघडणार नाही. आणि चालून झाल्यावर घाटावर कागदाचे कपटे व प्याले टाकून जाऊ नका; तापीमाई आधीच पुष्कळ सोसते आहे.

या विषयावर फेरविचार व्हावा, अशी मागणी करणारे पत्र समाजातल्या बावीस गृहस्थांच्या व सतरा भगिनींच्या सह्यांनिशी आम्ही देवस्थानच्या चिटणिसांकडे दिले आहे. त्यात दोनच गोष्टी मागितल्या आहेत : एक, पदयात्रेस पटांगण, दुसरी, पायरीवरच्या त्या पाटीबद्दल विश्वस्तांचा लेखी खुलासा. पुढील बैठक पौर्णिमेस आहे. पत्राची पोच अद्याप आलेली नाही.